मॉडेल पाणबुडीची मोटर : कार्बन ब्रशपासून ब्रशलेसपर्यंत

रेडिओवर चालणारी मॉडेल पाणबुडी दीड-दोन मीटर लांबीची असली, तरी तिला लागणारी शक्ती बघणाऱ्याच्या अंदाजापेक्षा फारच कमी असते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘टाइप सात-सी’ हे या छंदातले सर्वांत आवडते जहाज. मूळ पाणबुडी 67.1 मीटर लांब आणि बुडालेल्या स्थितीत 871 टन वजनाची होती. 1:40 प्रमाणात तिचे मॉडेल 1.68 मीटर लांब आणि साधारण साडेतेरा किलो भरते. मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने घटवला, तर पाण्यावरचे मूळ 17.7 नॉट सेकंदाला जेमतेम 1.4 मीटरवर येतात. मूळ जहाजाच्या विजेच्या मोटरी 750 अश्वशक्तीच्या होत्या. ढोबळ नियमाने ती शक्ती 1:40ला दीड वॉटही राहत नाही. लहान आकारात पाण्याचे घर्षण तुलनेने जास्त असते, पंखा आणि शाफ्टचे सीलही आपला वाटा घेतात. त्यामुळे प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट शक्ती लागते, तरी दोन्ही मोटरी मिळून वीस-तीस वॉटांत काम भागते. गेल्या चार-पाच दशकांत मोटरची निवड कशी बदलत गेली हे पाहताना हा आकडा लक्षात ठेवावा लागतो, कारण बहुतेक चुका तो विसरल्यामुळेच झाल्या.

1970 आणि 80च्या दशकांत पर्याय मोजकेच होते. खेळण्यांत आणि मोटारगाड्यांच्या मॉडेलमध्ये वापरली जाणारी ‘540’ आकाराची ब्रशवाली मोटर सहज मिळे. मोठ्या मॉडेलसाठी गाडीच्या वायपरची किंवा यंत्रसामग्रीतून काढलेली संथ मोटर बसवत. सोबत 12 व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असे. तिचे वजन मॉडेल विमानवाल्यांना परवडले नसते, पण पाणबुडीला ते हवेच असते. साडेतेरा किलो पाणी बाजूला सारणाऱ्या मॉडेलचे वजन साडेतेरा किलो भरलेच पाहिजे. हलकी बॅटरी घातली तर तळाशी तेवढे शिसे ठेवावे लागते.

या मोटरींचा खरा त्रास दुसरीकडे होता. कम्युटेटरवर कार्बन ब्रश घासताना ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट रेडिओच्या संदेशात मिसळतो. पाणबुडीत रिसीव्हर, अँटेना आणि मोटर एकाच बंद नळकांड्यात वीतभर अंतरावर असतात. त्यातच बुडाल्यावर संदेश क्षीण होतो. म्हणून प्रत्येक मोटरच्या टोकांवर आणि कवचावर 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डाखणे हा पहिला धडा असे. दुसरा त्रास कार्बनच्या भुकटीचा. उघड्या बोटीत ती उडून जाते, पण हवाबंद नळकांड्यात सर्किटांवर थर होऊन बसते आणि वीज वाहून नेते. संदेश तुटला की पाण्याने भरलेली टाकी रिकामी करून पाणबुडी आपोआप वर आणणारी यंत्रणा त्या काळी रूढ झाली, त्यामागे या गोंगाटाचाही हात होता.

ब्रशलेस मोटर तेव्हा अस्तित्वात होती, फक्त छंदापर्यंत पोहोचली नव्हती. ब्रशऐवजी ट्रान्झिस्टरने प्रवाह फिरवण्याची कल्पना टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी 1962 साली मांडली. 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी निओडिमियमची चुंबके विकसित केली आणि लहान आकारात मोठा टॉर्क शक्य झाला. 90च्या दशकात अशा मोटरी विमानांच्या मॉडेलमध्ये आल्या, पण त्या महाग होत्या. पुढे सीडी-रॉम ड्राइव्हमधल्या मोटरी नव्याने गुंडाळून विमान उडवण्याचा नाद सुरू झाला. त्यातून बाहेरचे कवच फिरणारी ‘आउटरनर’ मोटर 2000 नंतरच्या काही वर्षांत घराघरांत पोहोचली आणि किमती झपाट्याने उतरल्या.

विमानवाल्यांनी ब्रशलेस मोटर स्वीकारली ती कमी वजनात मिळणाऱ्या जास्त शक्तीसाठी, आणि पाणबुडीला नेमका तोच गुण निरुपयोगी होता. तिला ठिणगी नसणे, भुकटी नसणे आणि कमी उष्णता हवी होती. ते सगळे मिळाले, पण सोबत दोन नव्या अडचणी आल्या.

पहिली अडचण वेगाची. ब्रशलेस मोटरवर ‘केव्ही’ हा आकडा छापलेला असतो. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेते, ते तो सांगतो. वरच्या टाइप सात-सीसाठी 40 मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात तेवढे पुढे सरकणारा) पंखा धरू आणि 30 टक्के घसर सोडू. सेकंदाला 1.4 मीटर जायला सेकंदाला 50, म्हणजे मिनिटाला 3,000 फेरे पुरतात. 12 व्होल्टवर थोडी सूट ठेवली तरी 300 ते 350 केव्ही बस झाले. अशा मोटरला दहा वॉटांसाठी एक-दीड अँपिअर लागतो. बाजारात मात्र 900-1,000 केव्हीच्या विमानी मोटरी स्वस्त होत्या आणि अनेकांनी त्या थेट पंख्याला जोडल्या. पूर्ण थ्रॉटलला पाणी घुसळले जाई, बॅटरी भराभर उतरे आणि उपयोगी वेग काठीच्या पहिल्या पाव हालचालीत कोंबला जाई. ज्यांनी मध्ये तीनास एक प्रमाणाचा दातेरी पट्टा घातला, त्यांचे मॉडेल सुधारले. गिअरपेक्षा पट्टा शांतही चालतो.

दुसरी अडचण अधिक चिवट होती. स्वस्त कंट्रोलर फिरत्या मोटरमध्ये उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून रोटरची जागा ओळखतो. मोटर थांबलेली किंवा अगदी हळू फिरत असेल, तर हे व्होल्टेज जवळजवळ नसतेच आणि मोटर सुरू होण्याआधी थरथरते. विमानाचा पंखा एकदा फिरला की उतरेपर्यंत फिरत राहतो, म्हणून तिथे हे खपून जाते. पाणबुडी पेरिस्कोप-खोलीवर संथ चालते, थांबते, मागे येते. दोन पंख्यांच्या मॉडेलमध्ये एक मोटर सुटली आणि दुसरी थरथरत राहिली, तर नाक भलतीकडे वळते. शिवाय विमानाच्या कंट्रोलरला उलटा वेग नव्हता, आणि गाडीच्या कंट्रोलरमध्ये उलट दिशेआधी ब्रेक लागे.

यावरचे उत्तर गाड्यांच्या शर्यतींमधून आले. हॉल सेन्सर बसवलेल्या मोटरीला थांबलेल्या अवस्थेतही रोटर कुठे आहे ते कळते. खडकांवरून चढणाऱ्या गाड्यांसाठी बनलेल्या संथ मोटरी पाणबुडीला विशेष मानवल्या. 2010च्या दशकात प्रवाह सतत मोजून तो चुंबकाच्या दिशेशी जुळवणारे कंट्रोलर छंदात आले आणि मोटर एक-एक फेरा मोजून घेण्याइतकी गुळगुळीत फिरू लागली. खऱ्या नौदलांतही कायमचुंबकी मोटरींनी जागा घेतली. 2017 साली नौदलात दाखल झालेली, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस कलवरी अशाच मोटरवर चालते. तिची 67.5 मीटर लांबी टाइप सात-सीच्या जवळपास तेवढीच आहे, हा योगायोग मॉडेलकारांना आवडावा असा आहे.

रेडिओची बाजू याच वर्षांत उलट्या दिशेने गेली. नव्या 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांचे संदेश पाण्यात शोषले जातात, म्हणून पाणबुडीवाल्यांनी 27, 40 किंवा 75 मेगाहर्ट्झचे जुने संच सांभाळून ठेवले. या पट्ट्यांत ब्रशच्या ठिणग्या जास्त सतावतात, त्यामुळे ब्रशलेस मोटरचे मोल इथे विमानापेक्षाही वाढले. तरी कंट्रोलरचे जलद स्विचिंग आणि त्याच्या तीन तारा स्वतःचा गोंगाट करतात. तारा आखूड ठेवून पीळ देणे आणि अँटेना नळकांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेणे अजूनही गरजेचे आहे.

उष्णतेचा प्रश्न मोटरच्या रचनेवर ठरतो. आउटरनरची वाइंडिंग मधल्या गाभ्यावर असते आणि उष्णता बुडाच्या बैठकीतून बाहेर पडते. ही बैठक नळकांड्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपणावर घट्ट बसवली, तर पलीकडचे पाणी उष्णता ओढून घेते. प्लास्टिकच्या टोपणात ती सोय नाही. आतला रोटर फिरणाऱ्या मोटरीला बाहेरून धातूची पट्टी आवळली तरी चालते.

2012च्या सुमारास आलेल्या ओपनआरओव्ही या छोट्या जलयानाने आउटरनर थेट पाण्यात फिरवली आणि शाफ्टच्या सीलची कटकटच संपवली. ब्लू रोबोटिक्सने 2014 नंतर वाइंडिंग राळेत बंद करून हाच मार्ग पक्का केला. गोड्या पाण्याच्या तळ्यात तो मॉडेललाही लागू पडतो. खाऱ्या पाण्यात साध्या मोटरची बेअरिंग आणि चुंबके गंजतात.

आज मोठे मॉडेल बांधायला घेणाऱ्याने मोटरच्या वॉटांपासून सुरुवात करू नये. आधी वेग ठरवावा, मग पंख्याची पिच मोजून फेरे काढावेत, आणि शेवटी केव्ही निवडावा. एक-दोन पंख्यांच्या मॉडेलला सेन्सर असलेली संथ मोटर, बोटीसाठीचा उलट-सुलट चालणारा कंट्रोलर आणि अ‍ॅल्युमिनियमचे टोपण एवढे पुरते. कंट्रोलरची कमी-व्होल्टेजला वीज तोडण्याची सोय मात्र आधीच तपासावी, नाहीतर पाणबुडी खोलावर असतानाच तिची मोटर बंद पडते.