इर्ताशदुनाची १०० मेंढरं

इसवी सनापूर्वी ५०३ च्या वसंतात इराणचा सम्राट दारियस याने हुकूम सोडला: माझ्या मालकीच्या कळपातली १०० मेंढरं इर्ताशदुनाला द्या. त्याच महिन्यात दुसरा हुकूम निघाला, २०० मर्रिश वाइनचा. मर्रिश म्हणजे जवळजवळ १० लिटर. तेव्हा ही झाली २,००० लिटर. इर्ताशदुना ही सायरसची मुलगी आणि दारियसची राणी. हिरोडोटस सांगतो की ती राजाची सर्वांत लाडकी होती, तिचा त्याने सोन्याचा पुतळा घडवून घेतला. तो पुतळा आज कुठेच नाही. मेंढरांचा आणि वाइनचा हिशेब मात्र मातीच्या पाटीवर अडीच हजार वर्षं टिकला.

या पाट्या १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत सापडल्या. फुटके तुकडे धरून त्या २० ते ३० हजार भरतात. बहुतेक एलामी भाषेत आहेत आणि सगळ्या मिळून इसवी सनापूर्वी ५०९ ते ४९३ एवढाच काळ व्यापतात. साम्राज्य सिंधूपासून भूमध्य समुद्रापर्यंतचं, आणि त्यातल्या एकाच मुलखाच्या शिधावाटपाचा हा ढीग. त्यात लढाया नाहीत, स्तुती नाही. कोणाला किती धान्य गेलं, कोणी शिक्का मारला, कोणत्या महिन्यात, एवढंच. रिचर्ड हॅलॉक यांनी १९६९ मध्ये त्यातल्या २,०८७ पाट्या वाचून छापल्या आणि इराणच्या स्त्रियांबद्दल ग्रीकांनी लिहून ठेवलेल्या पडद्याआडच्या गोष्टींना पहिल्यांदाच कोठारातल्या कारकुनाची साक्ष भिडली. मी कारकुनावर जास्त विश्वास ठेवतो. त्याला कोणाला रिझवायचं नव्हतं.

खालच्या पायरीपासून बघू. साध्या मजूर बाईला महिन्याला साधारण २० लिटर जव मिळे, म्हणजे अदमासे १२ किलो, रोजचे ४०० ग्रॅम. पुरुषाला ३० लिटर. काही कुशल कामांत दोघांचा शिधा सारखा दिसतो, पण सर्रास नाही. आणि मग एकदम एक वेगळीच बाई पुढे येते: बायकांच्या टोळीवरची मुकादमीण. तिला ५० लिटर धान्य, ३० लिटर वाइन आणि एका मेंढराचा तिसरा हिस्सा, दरमहा. पुरुष मजुराच्या दीडपटीहून जास्त धान्य, वर मांस आणि वाइन. तिच्या वर्षाची बेरीज होते ६०० लिटर धान्य, ३६० लिटर वाइन आणि ४ मेंढरं. या हिशेबाने इर्ताशदुनाला एका हुकुमात मिळालेली मेंढरं कमवायला मुकादमिणीला २५ वर्षं लागली असती.

बाळंतिणीलाही वेगळा शिधा होता. मुलगा झाला तर २० लिटर धान्य आणि १० लिटर वाइन किंवा बिअर. मुलगी झाली तर दोन्ही बरोबर निम्मं. सरकार बाळंतिणीची नोंद ठेवतं, तिला जादा खायला घालतं, आणि त्याच ओळीत मुलीची किंमत अर्धी करतं. कारकुनाला यात काही खटकल्याची खूण नाही.

आता इर्दाबामा. हिचं नाव एकाही ग्रीक लेखकाच्या लिखाणात नाही. पाट्यांमध्ये मात्र ती जागोजागी आहे: स्वतःची इस्टेट, स्वतःचे कारभारी, स्वतःचा शिक्का. एकट्या तिराझ्झिशला, म्हणजे बहुधा आजच्या शिराझला, तिचे ४९० मजूर होते. माणशी २० लिटर धरले तरी महिन्याला ९,८०० लिटर धान्य उचललं जाणार, तेही एका गावी. तिच्या शिक्क्याने कोठारं उघडत. ग्रीक लेखक राजघराण्यातल्या बायकांची कारस्थानं रंगवण्यात दंग राहिले आणि एवढी मोठी जमीनदारीण त्यांच्या नजरेतून निसटली.

दारियस दुसरा याची राणी पर्यसातिस मात्र निसटली नाही. झेनोफन इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये सीरियातून जाताना तिच्या गावांत उतरला. ती गावं तिला कमरपट्ट्याच्या खर्चासाठी दिलेली होती. आपल्याकडे चोळीबांगडीला गाव इनाम देत, तसाच प्रकार. बॅबिलोनियात निप्पूरजवळही तिच्या जमिनी होत्या आणि तिचा कारभारी त्या खंडाने देत असे. ही माहिती मुराशू घराण्याच्या दप्तरातून येते. ते सावकारी-शेतीचं दप्तर म्हणजे पुन्हा शेकडो मातीच्या पाट्या.

यानंतर हजार वर्षं ओलांडून सासानी काळात यावं लागतं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला फर्रुखमर्द नावाच्या गृहस्थाने निवाड्यांचं एक पुस्तक जुळवलं, ‘मादिगान-ए हजार दादिस्तान’, हजार निवाड्यांचं पुस्तक. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आणि तिचा मोठा भाग मुंबईत हातारिया ग्रंथालयात होता. जीवनजी मोदींनी ती ५५ पानं १९०१ मध्ये पुण्यात हुबेहूब छापून घेतली. सोहराब बुलसारा यांचं इंग्रजी भाषांतर १९३७ मध्ये मुंबईतून निघालं. इराणी बाईच्या हक्काचा सर्वांत मोठा कायदेशीर पुरावा असा महाराष्ट्रातून जगापुढे आला.

त्यातली वाटणी अशी: पूर्ण हक्काच्या विवाहातल्या पत्नीला मुलाइतका एक हिस्सा, अविवाहित मुलीला अर्धा. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर ७०० दिरहमांतले २००, २००, २०० आणि १००. शिध्यातला तो अर्धा इथेही पाठ सोडत नाही, पण विधवा थेट मुलांच्या रांगेत आहे.

याच पुस्तकात एक न्यायाधीश कचेरीला निघालेला असताना पाच बायका त्याला वाटेत अडवतात आणि कर्जाच्या जामिनाबद्दल एकामागून एक प्रश्न विचारतात. शेवटच्या प्रश्नाला तो अडकतो. तेव्हा त्यांतली एक सुचवते की सरळ माहीत नाही म्हणा. उत्तर अमक्या पुस्तकात आहे. रुक्ष निवाड्यांच्या गठ्ठ्यात हा प्रसंग कोणीतरी मुद्दाम ठेवला असणार.

पारशी लग्नाच्या आशीर्वादात आजही वधूच्या नावे एक रक्कम उच्चारली जाते: निशापूरच्या चलनातले २,००० चांदीचे दिरहम आणि सोन्याचे २ दिनार. सासानी दिरहम सुमारे ४ ग्रॅमचा, त्या मापाने चांदीच ८ किलो भरते.