कार्लाईलचा वस्ताद

१९१४ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसची एक संयुक्त समिती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल गावी येऊन बसली. अध्यक्ष होते आर्कान्सॉचे सिनेटर जो रॉबिन्सन. तिथल्या सरकारी निवासी शाळेच्या कारभाराची चौकशी करायची होती. शाळा मूळ अमेरिकन जमातींच्या मुलामुलींची. साक्षी सुरू झाल्या, आणि अमेरिकन फुटबॉल संघातले खेळाडू आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध बोलू लागले. हा प्रशिक्षक म्हणजे ग्लेन स्कोबी वॉर्नर, ज्याला सगळा देश ‘पॉप’ वॉर्नर म्हणून ओळखत होता. या साक्षींचा छापील वृत्तान्त आजही वाचायला मिळतो. वॉर्नरने जिंकलेल्या सामन्यांच्या याद्या वाचून जो माणूस कळत नाही, तो या पानांत दिसतो.

वॉर्नरचा जन्म १८७१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्प्रिंगव्हिलचा. कॉर्नेल विद्यापीठात तो कायदा शिकायला गेला तेव्हा संघातल्या पोरांपेक्षा वयाने मोठा होता, म्हणून ‘पॉप’. पदवी १८९४ ची, पण वकिलीत मन रमलं नाही. १८९५ मध्ये त्याने एकाच हंगामात आयोवा आणि जॉर्जिया अशा दोन ठिकाणच्या संघांना शिकवलं. आयोवाच्या संघावर त्याने स्वतःची कमाई पैजेवर लावली आणि ती गमावली, हा किस्सा त्याच्या चरित्रांत येतो. पैशाचा आणि पैजेचा हा नाद पुढेही सुटला नाही.

१८९९ साली तो कार्लाईलला आला. ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या छावणीत काढली होती. लांबलांबच्या वसाहतींतून मुलं आणायची, केस कापायचे, आईबापांनी ठेवलेली नावं पुसून इंग्रजी नावं द्यायची आणि मातृभाषा बोलली की शिक्षा करायची, अशी तिथली रीत. घरी परत न गेलेल्या मुलांची दफनभूमी आजही त्या आवारात आहे. अशा जागी फुटबॉल रुजला आणि मुलांनी तो जीव तोडून खेळला. ज्यांच्याशी एरवी बरोबरीने बोलायचीही मुभा नव्हती, त्या हार्वर्ड-येलच्या पोरांना मैदानावर सगळ्यांदेखत लोळवता येत होतं.

कार्लाईलचे खेळाडू अंगाने किरकोळ. एका जागी रेटारेटी करणाऱ्या त्या काळच्या खेळात त्यांचा टिकाव लागणं कठीण. वॉर्नरने ताकदीऐवजी चपळाई आणि हुलकावणी वापरायचं ठरवलं, आणि इथे त्याची खरी बुद्धी दिसते. ३१ ऑक्टोबर १९०३ चा हार्वर्डचा सामना घ्या. उत्तरार्धाची सुरुवात. हार्वर्डने मारलेला चेंडू जिमी जॉन्सनने झेलला आणि सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला. त्या कोंडाळ्यात जॉन्सनने चेंडू चार्ल्स डिलन या सू जमातीच्या धिप्पाड गड्याच्या जर्सीत, मागच्या बाजूने सरकवला. जर्सीच्या खालच्या कडेला गावातल्या शिंप्याकडून आधीच इलॅस्टिक बसवून घेतलं होतं. कोंडाळं फुटलं, प्रत्येक जण पोटाशी काहीतरी धरल्याचं सोंग करत वेगळ्या दिशेला पळाला. डिलन मात्र दोन्ही हात मोकळे सोडून सरळ धावत सुटला. मोकळ्या हातांच्या माणसाला कोण अडवणार? तो रेषेपार गेला, जॉन्सनने त्याच्या पाठीवरचा चेंडू काढून जमिनीला टेकवला, आणि तेव्हा कुठे हार्वर्डला कळलं. सामना मात्र हार्वर्डने १२–११ असा जिंकला. युक्ती मूळची वॉर्नरची नव्हे. जॉन हाइसमनच्या ऑबर्न संघाने ती १८९५ मध्येच वापरली होती. पण हार्वर्डसारख्या संघाविरुद्ध ती काढायला छाती लागते, आणि ती खेळाडूंची होती.

मधली तीन वर्षं वॉर्नर पुन्हा कॉर्नेलला होता. तोवर खेळच बदलला. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. बहुतेक प्रशिक्षकांनी त्याकडे नाक मुरडलं. १९०७ मध्ये कार्लाईलला परतलेल्या वॉर्नरने त्यातच भवितव्य पाहिलं. त्या साली फ्रँक माउंट प्लेझंट आणि पीट हाउझर यांनी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघावर असे लांब पास टाकले की निकाल २६–६ लागला. पेनचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव.

पुढचा काळ कार्लाईलचा सर्वांत मोठा खेळाडू जिम थॉर्प याचा. १९११ मध्ये हार्वर्डवर १८–१५ असा विजय, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाचा २७–६ असा धुव्वा. त्या लष्करी संघात ड्वाइट आयझेनहॉवर हा पुढचा राष्ट्राध्यक्ष होता. कार्लाईलचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, होता गस वेल्च, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे मुलगा आणि थॉर्पचा खोलीतला सोबती.

जानेवारी १९१३ मध्ये वुस्टरच्या एका वर्तमानपत्राने बातमी फोडली की थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. हौशी खेळाडूचे नियम मोडले म्हणून गहजब झाला. हौशी संघटनेच्या नावे थॉर्पचं एक पत्र प्रसिद्ध झालं. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, आपल्याला या गोष्टी कळत नव्हत्या, असा त्याचा सूर. मजकूर वॉर्नरचाच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं जाहीर केलं.

हे पटत नाही. थॉर्प १९०९ आणि १९१० या दोन्ही उन्हाळ्यांत स्वतःच्या खऱ्या नावाने खेळला, तेही कार्लाईलच्याच सोबत्यांबरोबर. उन्हाळी बेसबॉलच्या पैशाचा मोह नको म्हणून कार्लाईलने १९१० मध्ये बेसबॉल संघच बंद करून लॅक्रॉस सुरू केला होता. हा निर्णय होताना खेळविभागाचा प्रमुख असलेल्या वॉर्नरला आपला सर्वांत मोठा खेळाडू कुठे आहे याचा पत्ता नसेल? वॉर्नरने स्वतःची नोकरी वाचवली आणि सगळा दोष पोराच्या अंगावर ढकलला. पदकं गेली. आक्षेप तीस दिवसांत घ्यायला हवा होता, असं स्पर्धेचा नियम सांगत होता. त्याकडे कुणी पाहिलं नाही.

वर्षभराने वेल्चने मुलांत फिरून चौकशीची मागणी करणाऱ्या एका अर्जावर दोनशेहून अधिक सह्या गोळा केल्या. ज्या शाळेत मातृभाषा बोलली तरी शिक्षा होई, तिथे एका विद्यार्थ्याने हे करणं सोपं नव्हतं. अर्ज वॉशिंग्टनला गेला आणि चौकशी लागली. समितीपुढे वेल्चने जे सांगितलं त्याचा सारांश असा, की वॉर्नर प्रशिक्षक म्हणून चांगला, पण माणूस तत्त्वशून्य. शिवीगाळ करतो, खेळाडूंवर हात टाकतो, सामन्याची तिकिटं हॉटेलच्या दालनात विकतो. संघातल्या इतरांनीही साक्षी दिल्या. फुटबॉलच्या कमाईतला पैसा सरकारी हिशेबात न जाता शाळेच्या क्रीडा मंडळाच्या खात्यात जमा होई, आणि वर्तमानपत्रवाल्यांपासून खेळाडूंच्या कपड्यांपर्यंत कशालाही तिथून रक्कम निघे, हेही पुढे आलं. शाळेचं जेवण अपुरं, मुलांना मारहाण, अशा तक्रारी वेगळ्याच.

या साक्षींत सगळ्यात लक्षात राहते ती त्यांची भाषा. वर्तमानपत्रं या मुलांना वर्षानुवर्षं ‘रानटी’, ‘युद्धवेडे’ म्हणत आली. इथे तीच मुलं तारीख, रक्कम, प्रसंग नीट सांगतात. चांगलं तेही कबूल करतात. वेल्च वॉर्नरच्या डावपेचांना कमी लेखत नाही, आणि म्हणूनच त्याचं पुढचं वाक्य जड पडतं. ज्याच्याकडून खेळ शिकला, त्याच्याबद्दल वरिष्ठांसमोर असं बोलायला मैदानावरच्या धाडसाहून वेगळं धाडस लागतं.

फ्रीडमन निलंबित झाले. अपहाराच्या खटल्यात पुढे ते निर्दोष सुटले. वॉर्नरचं काहीच बिघडलं नाही. १९१४ चा हंगाम त्याने कार्लाईलमध्येच काढला, त्यात संघाने ९ सामने गमावले, आणि तो पिट्सबर्ग विद्यापीठात निघून गेला. तिथे १९१५ ते १९१७ अशी सलग तीन वर्षं त्याचा संघ एकही सामना हरला नाही. मग स्टॅनफर्ड, मग टेंपल. एकूण ३०० हून अधिक विजय. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या फुटबॉल संघटनेला १९३४ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं आणि आज अमेरिकेतली लाखो पोरं ‘पॉप वॉर्नर’ फुटबॉल खेळत मोठी होतात. कार्लाईलची शाळा १९१८ मध्ये बंद पडली. थॉर्प १९५३ मध्ये गेला, वॉर्नर १९५४ मध्ये. थॉर्पला १९८२ मध्ये सहविजेता ठरवलं, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं.

गस वेल्च पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी झाला. १९१९ पासून तो वॉशिंग्टन स्टेट कॉलेजचा प्रशिक्षक होता, पुढे कॅन्ससमधल्या हॅस्केल या मूळ अमेरिकन मुलांच्या शाळेतही त्याने संघ घडवला. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये वॉर्नर १९५१ सालच्या पहिल्याच यादीत आहे. वेल्चचं नाव तिथे १९७५ साली लागलं, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.