सांबरा परिसराचा सांस्कृतिक नकाशा : नोंद कशाची करावी?

शहराच्या विकास आराखड्यात रस्ते, गटारे, बाजार व शाळा यांची नोंद असते. नाटकाची तालीम कोठे चालते, भजनी मंडळ कोठे बसते, मोहरमचे पंजे कोठे बसवतात, याची सहसा नसते. त्यामुळे रस्ता रुंद करताना वाटेतला चौथरा केवळ अडथळा ठरतो. वास्तविक राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक बाबींना चालना देणे हा नगरपालिकांचा विषय आहे, तर अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये व सांस्कृतिक कार्यक्रम हे पंचायतींचे विषय आहेत. अधिकार आहे, उणीव आहे ती माहितीची. ती गोळा करणे कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे आहे.

बेळगाव शहरात आरंभ सोपा वाटतो. किल्ल्यातील १२०४ ची कमलबस्ती व आदिलशाही काळातील सफा मशीद, १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची टिळकवाडीतील जागा, ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. मात्र सफा मशीद लष्करी हद्दीत आहे. म्हणून स्थळ कोठे आहे आणि तेथे कोणाला जाता येते, या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात.

खरी कसोटी शहराबाहेर लागते. सांबरा म्हटले की बहुतेकांना विमानतळच आठवतो. २०१७ मध्ये तेथे नवे टर्मिनल झाले. परंतु याच बाजूला बाळेकुंद्री हे पंतमहाराजांचे (१८५५–१९०५) दत्तभक्तीच्या पदांचे गाव आहे आणि सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव आहे. कुमारांच्या नावाचे कलामंदिर बेळगावात आहे. शहराच्या नकाशात त्यांचे नाव येते, गाव येत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथील मराठी साहित्य संमेलनांचेही असेच आहे. ग्रंथदिंडी निघते, मंडपात भाषणे व कविसंमेलन होते आणि नंतर ती जागा पुन्हा मोकळी दिसते. केवळ इमारती मोजणाऱ्याला तेथे काहीच सापडणार नाही. यास्तव ‘केव्हा’ हा रकाना ‘कोठे’ इतकाच आवश्यक आहे. मोहरमसाठी तेथे इंग्रजी महिना लिहू नये. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो.

‘धर्म’ असा रकाना मुळीच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ‘येथे कोण येते’ असे विचारावे. उत्तर कर्नाटकातील अनेक गावांत पिराच्या डोल्याला हिंदू घरांतूनही नवस बोलतात. ‘धर्म’ विचारला की ही माहिती हातची जाते. स्थळाचे नाव लोक जसे उच्चारतात तसे आधी लिहावे, मग मराठी, कन्नड, उर्दू रूपे द्यावीत. सीमाभागात फलकाच्या लिपीवरूनही वाद होतात, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. विद्यार्थिनींना स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलू द्यावे. केवळ पुरुषांना विचारल्यास देऊळ, मशीद व तालीम यांपलीकडे उत्तरे क्वचितच जातात. ओव्या कोणाच्या ओट्यावर म्हणतात, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

तयार नकाशा प्रथम गावातच वाचून दाखवावा आणि चुका दुरुस्त करून घ्याव्यात. त्यानंतर एक प्रत ग्रामसभेत, पंचायतीचा वार्षिक आराखडा ठरण्यापूर्वी ठेवावी, व दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, म्हणजे पुढील तुकडीला तीच ठिकाणे पुन्हा तपासता येतील.