डोळे निळे झालेत, हात आवरा!

समजा, देऊळघाटच्या शेतात कडब्याच्या गंजीखाली धामण दिसली. अंग मळकट, डोळे दुधाळ निळे. कुणीतरी म्हणणारच, ‘आंधळी झाली रे, कात ओढून काढू!’ थांबा. ती आजारी नाही, कात टाकायच्या तयारीत आहे.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातीसोबत निघतो. जुन्या-नव्या कातडीत द्रव साचला की डोळे निळसर होतात, नीट दिसत नाही. म्हणून साप दडून बसतो, चिडतोही लवकर. काही दिवसांत डोळे निवळतात. मग दगडाला तोंड घासत तो काढलेल्या मोज्यासारखी उलटी कात मागे सोडतो.

हवा फार कोरडी असली किंवा अंगावर जखम असली की घोळ होतो. कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. शेपटीला राहिलेलं कडं आवळत जातं, रक्त पोचत नाही, टोक सडतं. पण जबरदस्तीने ओढलं तर नवी कातडी फाटते, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. (रीलवाल्यांनो, ऐकताय ना?)

‘मदत’ म्हणून बरणीत घालून रूमवर नेणं तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण, नाग पाळता येत नाहीत. शेतातल्या सापाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. जखमी दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन, १९२६. जाणकार माणूसही कात सोलत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडातून साप सरकू देतो, कात सापच काढतो.