ट्रॅक्टरची हवागाळणी : केव्हा बदलावी, कशी बदलावी

माघ सरत आला म्हणजे सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी सुरू होते. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या बाजूंच्या काळ्या रानांतून ताटे उपटून पडू लागतात, कणसे मोडून खळ्यावर येतात आणि मळणीयंत्रांचा घरघराट पहाटेपासून कानी येऊ लागतो. पूर्वी हे काम बैलांच्या पायांनी होत असे. आता ट्रॅक्टरच्या शाफ्टवर मळणीयंत्र चालते आणि दिवसभरात जे काम उरकते ते पाहून जुन्या माणसांस नवल वाटते. परंतु हे काम करीत असता ट्रॅक्टर आठ-दहा तास भुसा, तूस व फुफाटा यांच्या ढगात उभा असतो. खळ्यावरील माणसे नाकातोंडास उपरणे बांधतात. ट्रॅक्टरच्या नाकास जे उपरणे बांधलेले असते, ते म्हणजे त्याची हवागाळणी, जिला आपण सर्वजण एअर फिल्टर किंवा एअर क्लीनर म्हणतो.

मंगळवेढा तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली एक हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. एका शेतकरी बंधूंचा ट्रॅक्टर जेमतेम तीन वर्षांचा होता आणि त्यावरील बँकेचे हप्ते चालू होते. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टर काळा धूर टाकू लागला व ओढीस कमी पडू लागला. गाळणी चोंदली आहे हे त्यांनी बरोबर ओळखले. ते रोज संध्याकाळी कागदाची गाळणी बाहेर काढीत, ट्रॅक्टरच्या चाकावर चांगली आपटीत आणि पुन्हा बसवीत. आठवड्याभराने काळा धूर एकाएकी बंद झाला. ट्रॅक्टर हलका चालू लागला, डिझेलही कमी लागू लागले. "साफ केल्याचा गुण आला," असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. वास्तविक झाले होते ते असे की, आपटून आपटून कागदाची एक घडी तळाशी चिरली होती आणि त्या चिरेतून हवा बिनअडथळा, धुळीसह, आत जात होती. पुढे महिन्याभरात इंजिन ऑइल खाऊ लागले, निळसर धूर येऊ लागला, सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. मेस्त्रींनी इंजिन उघडले तेव्हा रिंगा पातळ झालेल्या होत्या आणि लायनरच्या वरच्या भागात बोटाला लागेल अशी पायरी पडली होती. काही शे रुपयांच्या गाळणीपायी पन्नास हजारांच्या घरात खर्च गेला, आणि मळणीच्या भाड्याचे दिवस गेले ते निराळेच.

या हकीकतीतील शिकण्यासारखी गोष्ट अशी की, चोंदलेली गाळणी तक्रार करते, परंतु फाटलेली गाळणी गप्प राहते. चोंदलेल्या गाळणीने काळा धूर येतो, ओढ कमी होते, डिझेल जास्त जाते. हे नुकसान खरे असले तरी गाळणी बदलताच ते थांबते. उलट फाटलेल्या अगर सैल बसलेल्या गाळणीने इंजिन पूर्वीपेक्षा बरे चालल्यासारखे वाटते आणि आतून झिजत राहते. सबब गाळणीच्या बाबतीत "ट्रॅक्टर चांगला चालतो आहे ना, मग झाले," हा हिशेब धरता येत नाही.

इंजिन हवा किती घेते याची कल्पना पुष्कळांना नसते. एक लिटर डिझेल जाळावयास निदान १०,००० लिटर हवा लागते, प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून अधिकच ओढते. मळणीच्या एका दिवसात ४० लिटर डिझेल जळले तर ४ लाख लिटरांहून अधिक हवा आत गेली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा चौदा खोल्या भरतील एवढी ही हवा खळ्यावरील धुळीने भरलेली असते. मातीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, जे बारीक कण असतात ते इंजिनाच्या बिडाहूनही कठीण असतात. पिस्टनच्या रिंगा व लायनर यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. माणसाच्या केसाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा कण त्या पापुद्र्यात शिरला म्हणजे तो कानशीप्रमाणे काम करतो. डोळ्यांना दिसणाऱ्या भुशापेक्षा न दिसणारा फुफाटा अधिक घातक, तो या कारणाने.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न इतरांहून बिकट आहे. पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक सप्टेंबरपर्यंत आटोपणारा. पुढील आठ महिने रान कोरडे. त्यात कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या मुरमाच्या रस्त्यांनी एकामागे एक धावतात आणि मागच्या ट्रॅक्टरला पुढच्याची धूळ खावी लागते. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालतो तेव्हा तर ट्रॅक्टर दिसेनासा होतो. म्हणून माहितीपुस्तिकेत गाळणी बदलण्यास जे तास दिलेले असतात ते साधारण कामासाठी आहेत असे समजावे आणि मळणी, रोटाव्हेटर व कच्च्या रस्त्यावरील वाहतूक या कामांसाठी ते निम्मे धरावेत. गाळणीचे आयुष्य महिन्यांवर मोजू नये, मीटरवरील तासांवर मोजावे. चार महिने गोठ्यापाशी उभा राहिलेला ट्रॅक्टर आणि चार महिने मळणी केलेला ट्रॅक्टर यांची गाळणी एका दिवशी बदलण्यात काही अर्थ नाही.

गाळण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. जुन्या ट्रॅक्टरांवर आणि विहिरीवरील डिझेल इंजिनांवर तेलाची गाळणी असते. हिच्यात हवा वरून खाली येऊन वाटीतील तेलावर आपटते, जड धूळ तेथेच राहते आणि उरलेली तेलाने ओलसर झालेल्या तारेच्या जाळीत अडकते. ही गाळणी शंभरातील पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव भाग धूळ अडविते. परंतु इंजिन मंद चालत असता तिचे काम ढिले पडते. अशा गाळणीत बदलावयाचे असते ते तेल. मळणीच्या दिवसांत वाटी रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, उतरवून पाहावी. तळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा गाळ बसला असेल किंवा तेल मळीसारखे दाट झाले असेल तर सर्व तेल टाकून द्यावे, वाटी डिझेलने धुऊन पुसून कोरडी करावी आणि इंजिनात वापरतो त्याच प्रतीचे नवे तेल खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या खाली तेल असेल तर धूळ अडत नाही. खुणेच्या वर असेल तर इंजिन ते तेल ओढून घेते, आणि डिझेल इंजिनाने अशा रीतीने तेल ओढले म्हणजे ते हाताबाहेर वेगाने धावू लागण्याचा संभव असतो. "थोडे जास्त घातले तर काय बिघडते?" असे विचारणारे शेतकरी पुष्कळ भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगावे. इंजिनातून काढलेले जळके ऑइल वाटीत घालण्याची चाल आहे, तीही सोडावी. त्यात काजळी व गाळ आधीच भरलेला असतो. तारेची जाळी अधूनमधून उतरवून डिझेलमध्ये खळबळून धुवावी आणि पूर्ण निथळल्यावरच बसवावी.

नव्या ट्रॅक्टरांवर बहुधा कागदाची कोरडी गाळणी असते. चांगली असेल व नीट बसली असेल तर ती शंभरातील नव्व्याण्णव भागांहून अधिक धूळ अडविते. हिच्यात सामान्यतः दोन नळकांडी असतात. बाहेरचे मोठे नळकांडे खरे काम करते. आतले लहान नळकांडे केवळ राखणदार होय. बाहेरचे फाटले अथवा साफ करताना चूक झाली तर धूळ इंजिनात जाऊ नये एवढ्यासाठी ते असते. या राखणदारास झटकू नये, फुंकू नये, उगाच बाहेरही काढू नये. बाहेरचे नळकांडे दोन-तीन वेळा बदलले म्हणजे किंवा पुस्तिकेत सांगितलेले तास भरले म्हणजे आतले थेट नवे घालावे.

बाहेरची गाळणी केव्हा उघडावी? येथे बहुतेकांचा समज उलटा असतो. रोज उघडून साफ करणारा शेतकरी स्वतःस दक्ष समजतो, परंतु दर वेळी उघडताना थोडी धूळ आत सांडते, रबरी कडा झिजते आणि कागद दुखावतो. शिवाय कागदावर धुळीचा पातळ थर बसला म्हणजे तो स्वतःच बारीक कण अडवू लागतो. म्हणून गाळणी तेव्हाच उघडावी जेव्हा इंजिन तसे सांगेल. पुष्कळ ट्रॅक्टरांवर त्यासाठी दर्शक असतो : कोठे डॅशबोर्डवर दिवा, कोठे नळीवर लाल पट्टी दाखविणारी काचेची कुपी. इंजिन पूर्ण वेगात, कामाखाली असता लाल दिसले तर गाळणी चोंदली. दर्शक नसेल त्याने काळा धूर व कमी झालेली ओढ यांवर लक्ष ठेवावे. रोज करावयाचे काम एवढेच की, वरच्या टोपीतील धूळ रिकामी करावी, बाहेरच्या जाळीवर चिकटलेले तूस कोरड्या फडक्याने पुसावे आणि गाळणीच्या खाली असलेली रबराची चोच दाबून साठलेली धूळ पाडावी. ही चोच फाटली असेल तर ताबडतोब नवी बसवावी.

साफ करावयाची झाल्यास हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोहून अधिक नसावा आणि हवा आतून बाहेर मारावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरचा दाब याच्या कित्येक पट असतो व त्याने कागद फाटतो. गाळणी चाकावर, दगडावर किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकू नये. डिझेल अथवा पेट्रोल तिला लावू नये. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असल्याशिवाय पाण्यानेही धुऊ नये. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन नळकांड्याच्या आत बॅटरी धरावी आणि बाहेरून फिरवून पाहावे. कोठेही सुईच्या टोकाएवढा उजेड लखकन दिसला तर ती गाळणी संपली असे समजावे, मग ती कितीही नवी असो. दोन-तीन वेळा साफ केल्यावर धूर लवकर परत येऊ लागला तरीही तिचा मोह धरू नये.

नवी गाळणी बसविण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करण्यासारखे आहे. प्रथम इंजिन व शाफ्ट दोन्ही बंद करावीत. फिरत्या शाफ्टजवळ उपरणे-धोतर घेऊन वाकणे म्हणजे जिवाशी खेळ. गाळणीचे घर बाहेरून पुसून घ्यावे, मगच झाकण उघडावे. जुने नळकांडे हिसडा न देता, फिरवीत फिरवीत बाहेर काढावे. घराचा आतला भाग ओलसर, स्वच्छ फडक्याने पुसावा, तेथे हवा मारू नये, कारण उडालेली धूळ इंजिनाकडेच जाते. जुन्याच्या रबरी कडेकडे नीट पाहावे. तिच्यावर धुळीची रेघ आडवी गेलेली दिसली तर हवा तेथून चोरून जात होती असे समजावे आणि घराची कड वाकली आहे काय ते तपासावे. नवी गाळणी दुकानातून आणताना जुनी बरोबर न्यावी, उंची, आतील व्यास व क्रमांक ताडून पाहावा, घड्या सारख्या आहेत ना, कडेचा चिकटा पक्का आहे ना हे बघावे. स्वस्त म्हणून घेतलेली व अर्धा बोट सैल बसणारी गाळणी नसल्यासारखीच होय. बसविताना मधोमध न दाबता कडेने सारखे दाबावे, चोच खाली येईल असे झाकण लावावे, कुपीचे बटण दाबून लाल पट्टी परत खाली पाठवावी.

एवढे करूनही गाळणीपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज पाइप चिरलेला असला तर सारी मेहनत फुकट जाते. उन्हाने रबर तडकते, क्लिपा हादऱ्यांनी ढिल्या होतात. दर महिन्यास पाइप हाताने वाकवून पाहावा व क्लिपा आवळाव्यात. पाइप उतरविला असता आतून पांढरे फडके फिरवावे. त्यावर मातकट रेघ उमटली तर गळती कोठे आहे ते शोधल्याशिवाय ट्रॅक्टर कामास लावू नये. विहिरीवरील लहान इंजिनासाठी आणखी सोपी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून गाळणीच्या तोंडावर सपाट फळी धरावी. इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. चालत राहिले तर हवा दुसरीकडून शिरते आहे. हाताचा तळवा मात्र लावू नये, आणि टर्बो असलेल्या ट्रॅक्टरवर ही परीक्षा करू नये.

जीप, मोटारगाडी, टेम्पो यांच्याही गाळण्या कागदाच्याच असतात व नियम हेच लागू पडतात, फक्त तासांऐवजी किलोमीटर मोजावयाचे आणि कच्च्या रस्त्यावर तेही निम्मे धरावयाचे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पौषाच्या अखेरीस, एका सायंकाळी गावातील ट्रॅक्टरमालकांस त्यांच्या गाळण्या घेऊन चावडीत बोलवावे. दिवे मालवून एकेका गाळणीत बॅटरी धरून दाखवावी. व्याख्यानाची फारशी जरूर पडत नाही. भोकातून उजेड आला की मालक स्वतःच पुढे येऊन विचारू लागतो. त्याच बैठकीत मळणीयंत्र वाऱ्याची दिशा पाहून कसे लावावे, भुसा ट्रॅक्टरच्या तोंडाकडे न येता पलीकडे कसा उडावा, हेही समजावून द्यावे. नवी गाळणी बसविताना तिच्या झाकणावर आतून पेन्सिलीने तारीख व मीटरचे तास लिहावयास सांगावे, आणि एक जादा गाळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरातील कोरड्या फळीवर ठेवावयास सांगावे. मळणी ऐन भरात असता तालुक्याच्या दुकानी नेमकी तीच गाळणी शिल्लक नसते, हा दरवर्षीचा अनुभव आहे.