जिवाणू मेले, म्हणून विष संपले?

अँटिबायोटिकने जिवाणू मेले की विषयच मिटला, असे बहुतेकांना वाटते. ई. कोलाय किंवा साल्मोनेलाच्या बाबतीत तसे होत नाही. त्यांचे एन्डोटॉक्सिन हे विष बाहेरच्या आवरणातच गुंफलेले असते. जिवाणू फुटला की ते उलट जास्त मोकळे होते. नुसत्या उकळीला ते दाद देत नाही. औषध कारखान्यांत काचेची भांडी त्यापासून मुक्त करायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते.

हे विष थेट पेशी जाळते, हाही गैरसमजच. खरा घात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाने होतो. या विषाला अजिबात न बधणारी उंदरांची एक जात होती. तिच्यात टीएलआर-४ या ग्राहकाचे जनुक बिघडलेले आहे, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. विष ओळखणारा ग्राहकच निकामी, म्हणून त्रास नाही. पण हेच उंदीर साल्मोनेलाच्या संसर्गाला मात्र सहज बळी पडतात.

आता हे विष निकामी करणाऱ्या आपल्या शरीरातल्या एका एन्झाइमकडे येऊ. एओएएच या नावाने ओळखले जाणारे हे एन्झाइम विषाचा चक्काचूर करते, असे समजू नये. ई. कोलायच्या विषाच्या मुळाशी मेदाम्लांच्या सहा साखळ्या असतात. त्यांतल्या फक्त दोन ते कापते. बाकी सांगाडा तसाच राहतो. तेवढ्यानेच टीएलआर-४ चेतवण्याची विषाची ताकद जाते. डॅलसच्या रॉबर्ट मनफर्ड यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये हे काम माणसाच्या पांढऱ्या पेशींत पहिल्यांदा दाखवले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंदरांनी शिकवली. या एन्झाइमचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दाह भडकतच राहील, असे कुणालाही वाटेल. विष टोचल्यावर त्यांचे यकृत कित्येक आठवडे सुजलेले राहिले, हे खरे. पण त्यांच्या भक्षक पेशी मात्र बधिर झाल्या आणि आठवडे उलटले तरी सावरल्या नाहीत. मग जिवंत जिवाणू टोचले, तेव्हा या पेशींची प्रतिक्रिया उशिरा आणि अपुरी आली. एन्झाइम असलेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर जास्त संख्येने दगावले. म्हणजे एओएएचचे काम नुसते आग विझवण्याचे नाही. पुढच्या हल्ल्यासाठी पेशी पुन्हा जाग्या होतात, त्या त्याच्यामुळेच. मला यातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो.

'डिटॉक्स' पेयांशी याचा काही संबंध नाही. हे एन्झाइम शरीरातल्या पेशीच तयार करतात. उंदरांवरचे आकडेही माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण उंदीर हे विष आपल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त सोसतो.