अनोळखी पत्ते आणि घराचा तट

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा नगराभोवती तट उभारून येण्याजाण्यासाठी मोजके दरवाजे ठेवले. आज त्याच जयपुरातील घरोघरी इंटरनेट पोहोचविणाऱ्या राउटरमध्येही असाच एक तट असतो. त्यास फायरवॉल असे म्हणतात. हा तट बाहेरून आलेले अनाहूत संदेश अडवितो आणि प्रत्येकाचा पत्ता व वेळ नोंदवहीत टिपून ठेवतो. ही वही प्रथमच उघडणारा मनुष्य शेकडो परके पत्ते पाहून भयभीत होतो. हे भय कितपत खरे आहे?

प्रथम पत्त्याचे स्वरूप पाहू. चार अंकगटांच्या जुन्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते संभवतात. १९२.१६८ किंवा १० या अंकांनी आरंभ होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत. असा पत्ता आढळल्यास तो बहुधा आपल्याच घरातील दूरध्वनीचा किंवा दूरचित्रवाणी संचाचा असतो. उरलेल्या पत्त्यांची नोंद प्रादेशिक संस्था ठेवतात. आशिया-प्रशांत विभागासाठी एपनिक ही संस्था असून भारतात हे काम २०१२ पासून इरिन करते. मात्र या नोंदीवरून पत्ता कोणत्या कंपनीस दिला एवढेच कळते. त्यामागील व्यक्तीचे घर कळत नाही.

मग हे परके लोक आपल्याच दारी का येतात? वस्तुतः ते आपल्याला ओळखतही नाहीत. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, एकच संगणक पाऊण तासाच्या आत पृथ्वीवरील अशा सर्व पत्त्यांचा एकेक दरवाजा ठोठावून पाहू शकतो. असे ठोठावणे आज अहोरात्र चालते. त्यात अभ्यासक असतात आणि चोरही असतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. २०१६ साली ‘मिराई’ नामक दुष्ट प्रणालीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द तसेच राहिलेले लक्षावधी कॅमेरे व राउटर अंकित केले आणि त्यांच्याकरवी इतरांवर हल्ले चढविले. अर्थात नोंदवहीतील पत्ता पुष्कळदा गुन्हेगाराचा नसून दुसऱ्या एखाद्या बेसावध कुटुंबाचा असतो. काही प्रकारच्या संदेशांवर तर खोटा पत्ताही लिहिता येतो. म्हणून केवळ पत्त्यावरून कोणास दोषी ठरविणे अन्यायाचे होय.

‘अडविले’ असा शेरा असलेली नोंद म्हणजे तटाने आपले काम केल्याची पावती होय. खरी चिंता बाहेरच्या अनोळखी संदेशास आत प्रवेश मिळाला असेल, किंवा घरातील एखादे यंत्र अकारण परक्या पत्त्यांकडे वारंवार धाव घेत असेल, तर करावी. अशा वेळी त्या यंत्राची जोडणी तोडावी, परवलीचा शब्द बदलावा, त्याची आज्ञाप्रणाली अद्ययावत करावी आणि अनावश्यक दरवाजे बंद करावेत. आपले घर सुरक्षित राखणारा मनुष्य आपल्या नकळत दुसऱ्याच्या घरावर चालून जाण्याचे पापही टाळतो.